एकापासून नवापर्यंत आणि परत : एका मोठ्या संख्येची कहाणी



ध्वनिक्षेपकासमोर बसून मोठी संख्या सांगणे मोठे अवघड असते. कान अंक धरून ठेवीत नाहीत; चार-पाच आकडे झाले की मागचे सुटत जातात. छापील पानाची गोष्ट वेगळी. तेथे संख्या डोळ्यांपुढे स्वस्थ बसून राहते. म्हणून आज जिच्याविषयी सांगायचे आहे ती संख्याच प्रथम तुमच्यापुढे मांडतो :

१२३४५६७८९८७६५४३२१

मोजून पाहा, सतरा अंक आहेत. एकापासून निघून नऊ पायऱ्यांचा जिना चढावा आणि आठ पायऱ्या उतरून पुन्हा एकावर यावे, तशी ही संख्या आहे. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच येते.

आता ती वाचायची कशी? आपल्या नेहमीच्या बोलण्यात लाख आणि कोटी यांच्यापुढे गाडी फारशी जात नाही. पण आपल्या पूर्वजांनी पुढच्या घरांनाही नावे दिली होती. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’त अशी अठरा स्थाने सांगितली आहेत आणि प्रत्येक स्थान मागच्याच्या दसपट आहे : एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. या भास्कराचार्यांचे आपल्या महाराष्ट्राशी नाते आहे. चाळीसगावाजवळ पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला होता, आणि १२०७ सालच्या त्या दानाचा शिलालेख तेथील देवळात सापडला.

या नावांनी आपली संख्या वाचली तर ती अशी होते : एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, येथे शिखर आले. मग उतरण : आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. मोठ्याने म्हणून पाहा, एखादे बडबडगीत म्हणावे तशी जिभेवर बसते.

केवढी मोठी आहे ही? समजा, एखाद्याने दर सेकंदाला एक याप्रमाणे, खाणेपिणे आणि झोप सोडून, मोजायला सुरुवात केली. शेवटपर्यंत पोचायला त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. नागपूरच्या पश्चिमेला जो काळा दगड लागतो, ज्याचा पुढे सह्याद्रीपर्यंत थरावर थर पसरला आहे, तो ज्वालामुखीच्या रसातून थिजून सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. म्हणजे त्या दगडाच्या वयाच्या जवळजवळ सहापट काळ मोजणी चालेल.

एवढी अवाढव्य संख्या कोठून आली? तिचे मूळ अगदी साधे आहे. नऊ वेळा एक लिहा : १११११११११. अकरा कोटी अकरा लक्ष अकरा हजार एकशे अकरा. या संख्येला तिनेच गुणा. वर्ग करा म्हणजे झाले. आपली संख्या हजर! आणि ती एकटी नाही, तिला आठ धाकटी भावंडे आहेत :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१
१११११ × १११११ = १२३४५४३२१
११११११ × ११११११ = १२३४५६५४३२१

पुढची दोन तुमची तुम्ही पाटीवर काढून पाहा.

आता कोणी विचारील, हे असे का होते? हा प्रश्न आजच्या विषयाचा प्राण आहे, म्हणून त्याचे उत्तर अगदी सावकाश देतो. काटोल, नरखेड, वरूड या बाजूच्या मंडळींना संत्र्याचा बगीचा नवा नाही. समजा, एका चौरस बगीच्यात नऊ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत नऊ झाडे. एका कोपऱ्यात उभे राहा आणि आता सरळ ओळी मोजू नका, तिरक्या ओळी मोजा. कोपऱ्यात एकच झाड. त्याच्या मागच्या तिरक्या ओळीत दोन. त्याच्या मागे तीन. असे वाढत वाढत मधल्या, म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या, ओळीत नऊ झाडे येतात. मग पुन्हा आठ, सात, सहा असे उतरत समोरच्या कोपऱ्यात एक झाड उरते. एकूण झाडे किती? नऊ नव्वे एक्याऐंशी.

गुणाकारातही हाच बगीचा आहे. वरच्या संख्येत नऊ एक, खालच्या संख्येत नऊ एक. वरचा प्रत्येक एक खालच्या प्रत्येक एकाला गुणतो. असे एक्याऐंशी लहान गुणाकार होतात आणि प्रत्येकाचे उत्तर एकच. फरक पडतो तो फक्त हे उत्तर कोणत्या घरात जाऊन बसते यात. एककाने एककाला गुणले तर एककाच्या घरात. असा गुणाकार एकच. एकक आणि दशक यांचा गुणाकार दशकाच्या घरात. असे दोन, कारण वरचा एकक व खालचा दशक, आणि वरचा दशक व खालचा एकक. शतकाच्या घरात तीन. तिरक्या ओळी त्या याच! प्रत्येक घरात जेवढी झाडे तेवढा तेथला अंक. यात दैवी काही नाही, गूढ काही नाही. बगीचा तिरका मोजला, एवढेच.

आता थोडा इतिहास पाहू. या कुळातल्या संख्यांवर आपल्या देशात फार पूर्वी कोणाची तरी नजर गेली होती. वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूटांच्या काळात कोरले गेले, त्याच वंशातील अमोघवर्ष राजाच्या आश्रयाला महावीराचार्य नावाचे जैन गणिती होते. इसवी सन ८५० च्या सुमारास त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचला. त्यात १२३४५६५४३२१ ही संख्या आली आहे, आणि तिचे वर्णन एकापासून सहापर्यंत चढत जाऊन मग क्रमाने उतरणारी अशा अर्थाच्या शब्दांत केले आहे. एवढेच नव्हे, ज्यांचे उत्तर दोन्हीकडून सारखेच वाचता येते असे काही गुणाकारही महावीराचार्य देतात आणि अशा उत्तरांना गळ्यातल्या हाराची उपमा देतात. त्यांतला एक तर पाटीवर करून पाहण्यासारखा आहे : १५२२०७ × ७३ = ११११११११. आठ मण्यांचा हार! हा ग्रंथ मद्रासेहून १९१२ साली रंगाचार्यांच्या इंग्रजी भाषांतरासह छापला गेला.

आता महावीराचार्यांपासून सुमारे अकराशे वर्षे पुढे या. मुंबईपासून तीस मैलांवर, त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, आज ज्याला आपण डोंबिवली म्हणतो ते स्थानक होते. त्याचे त्या काळचे एक रूप ‘डेम्लो’ असे होते. या स्थानकावर एका तरुणाला संख्यांच्या एका कुळाचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली, आणि त्याने त्या संख्यांना स्थानकाचेच नाव देऊन टाकले : डेम्लो संख्या. तो तरुण म्हणजे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म डहाणूचा, १७ जानेवारी १९०५ चा. शाळा ठाण्याला झाली, महाविद्यालय पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली विद्यार्थिदशेतच त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले; १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढची पदवी त्यांनी घेतली नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते. शिक्षक बंधुभगिनींनो, हे लक्षात घ्या : ते विद्यापीठात प्राध्यापक नव्हते की संशोधनसंस्थेत संशोधक नव्हते. तुमच्यासारखेच रोज वर्गावर जाणारे, वह्या तपासणारे शिक्षक होते. आणि आम्हां वैदर्भीयांना आणखी एक जवळीक अशी, की डोंबिवली आणि देवळाली ही दोन्ही स्थानके ज्या लोहमार्गावर आहेत, तोच मार्ग पुढे भुसावळ, वर्धा करीत १८६७ साली नागपूरला येऊन पोचला.

डेम्लो संख्या म्हणजे काय? संख्येचे तीन भाग करायचे : डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक असावा, किंवा तोच तो अंक पुन्हा पुन्हा यावा. आणि डावा व उजवा भाग मिळविले तर बेरजेतही तोच अंक यावा. उदाहरणार्थ १६५. डावीकडे एक, उजवीकडे पाच. एक नि पाच सहा, आणि मध्ये सहा बसलाच आहे. किंवा २५५३ घ्या. दोन नि तीन पाच, मध्ये पाच-पाच. आता आपली मोठी संख्या या कसोटीला लावू. मधला नऊ बाजूला ठेवा. डावीकडे राहिले १२३४५६७८, उजवीकडे राहिले ८७६५४३२१. करा बेरीज :

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

आठ नव! आणि मध्ये नववा नऊ वाट पाहत उभा. १२१, १२३२१ या धाकट्या भावंडांचेही असेच आहे. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ यांची बेरीज ४४४ आणि मधला अंक चार. जिन्यासारख्या चढून उतरणाऱ्या या संख्यांना ‘अद्भुत डेम्लो संख्या’ असे नाव पडले. के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर कापरेकरांनी लिहिलेला डेम्लो संख्यांवरील लेख १९३९ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला.

कापरेकरांनी आणखीही एक जात शोधून तिला मोठे गोड नाव दिले : हर्षद संख्या, म्हणजे आनंद देणारी संख्या. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद. अठराचे अंक एक आणि आठ, बेरीज नऊ; नऊ दुणे अठरा. म्हणून अठरा हर्षद. आपल्या मोठ्या संख्येच्या अंकांची बेरीज किती? ती तर बगीच्यात आधीच केली आहे : एक्याऐंशी. आता नऊ एकांच्या संख्येला नऊने भाग जातो, कारण तिच्या अंकांची बेरीज नऊ. मग तिच्या वर्गाला नऊ नव्वे एक्याऐंशीने भाग जाणारच. म्हणजे आमची ही सतरा अंकी बाई डेम्लोही आहे आणि हर्षदही. पण सगळी भावंडे तशी नाहीत. नऊ जणांत हर्षद तीनच : १, १२३२१ आणि आपली थोरली. एक, तीन आणि नऊ एकांपासून झालेली. बाकीची सहा का बसत नाहीत, हा प्रश्न वरच्या वर्गातल्या मुलांना घालायला चांगला आहे.

तिचे अवयव पाडायचे असतील तर तेही अवघड नाही. नऊ एकांची संख्या म्हणजे १११ × १००१००१. त्यात १११ म्हणजे ३ × ३७, आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७. म्हणून मोठ्या संख्येत ३ हा चार वेळा, ३७ दोन वेळा आणि ३३३६६७ दोन वेळा येतो. यावरून तिला निःशेष भागणाऱ्या संख्या एकंदर ४५ निघतात. पंचेचाळीस ही विषम संख्या आहे, आणि पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषमच असते, हा ताळा येथे जमतो.

येथवर सारे गोड झाले. आता जरा कडू भागाकडे वळू, कारण खरे शिक्षण तेथेच आहे.

एक एक, दोन एक, तीन एक असे करीत आपण नऊ एकांपर्यंत आलो. नऊही वेळा जिना बरोबर बांधला गेला. आता दहा एक घ्या. वर्गातल्या कोणालाही विचारा, उत्तर काय येईल? सारा वर्ग एका आवाजात सांगेल की जिना आणखी एक पायरी वर चढेल. प्रत्यक्षात गुणाकार केला तर येते :

११११११११११ × ११११११११११ = १२३४५६७९००९८७६५४३२१

जिना ढासळला! चढणीवरचा आठ नाहीसा झाला आहे, आणि शिखरावर दोन शून्ये बसली आहेत. कारण पुन्हा बगीच्यातच आहे. दहा ओळींच्या बगीच्यात मधल्या तिरक्या ओळीत दहा झाडे येतात. पण एका घरात दहा मावत नाहीत. तेथे शून्य ठेवून हातचा एक पुढे जातो. पुढच्या घरात नऊ होते, हातच्याने तेही दहा झाले. पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा एक. त्याच्या पुढच्या घरातल्या आठाचा नऊ झाला आणि तेथे हातचा थांबला. नऊ वेळा हातचा आला नव्हता, म्हणून जिना टिकला. दहाव्या वेळी हातचा आला आणि सारे बदलले.

श्रोतेहो, या एका ओळीत केवढी शिकवण भरली आहे! एखादी गोष्ट नऊ वेळा खरी ठरली म्हणून ती दहाव्या वेळी खरी ठरेलच असे नाही. ती का खरी ठरते ते ज्याला कळले, त्यालाच ती कोठपर्यंत टिकेल ते सांगता येते. बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या आणि दहाव्या खेपेस फसायचे.

आणि आपल्या खेड्यापाड्यांतून आकड्यांवर माणसे फसतात हे काय मी तुम्हांला सांगावे? मनात संख्या धर म्हणणारे, आकड्यावरून भविष्य सांगणारे, शुभ आकडा लिहून देणारे येतात नि जातात. त्यांचा एक नेहमीचा प्रयोग पाहा. दोन अंकी संख्या मनात धर, तिचे अंक उलटे कर, मोठीतून लहान वजा कर. उत्तराच्या अंकांची बेरीज मी न विचारता सांगतो : नऊ! ७२ मधून २७ गेले, राहिले ४५. चार नि पाच नऊ. गर्दी थक्क होते. त्यात कारण एवढेच आहे, की दशकातला अंक एककात आला की त्याची किंमत स्वतःच्या नऊपट उतरते, आणि एककातला दशकात गेला की नऊपट चढते. म्हणून वजाबाकीला नऊने भाग जातोच. दोन्ही अंक सारखे असले तर मात्र शून्य उरते, आणि तशी संख्या कोणी धरली की बुवा गडबडतात! हे कारण ज्या मुलाला सहावी-सातवीत कळले, त्याच्या खिशातला पैसा त्या माणसाला मिळत नाही. उद्या आपली ही मोठी संख्याच कोणी तांब्याच्या पत्र्यावर कोरून यंत्र म्हणून विकायला आणली, तर तुमच्या शाळेतल्या पोराने त्याला दहा एकांचा वर्ग विचारावा.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण हे खरे गणित आहे का, की नुसता विरंगुळा? हा आक्षेप लहान माणसांनी घेतलेला नाही. आपल्या रामानुजनांना इंग्लंडात बोलावून घेणारे प्राध्यापक हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असेच एक उदाहरण दिले आहे. १०८९ ला ९ ने गुणले तर ९८०१ येतात, २१७८ ला ४ ने गुणले तर ८७१२ येतात. दोन्ही ठिकाणी मूळ संख्या उलटी होऊन येते. चार अंकी संख्यांत अशा दोनच. हार्डींचे म्हणणे असे, की कोड्यांच्या सदराला हे शोभेल, पण गणितज्ञाला यात घेण्यासारखे काही नाही.

त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे हे मान्य केले पाहिजे. आपला जिना नवापर्यंतच का चढतो? कारण आपण दहा-दहांचे गट करून मोजतो. आपण बारा-बारांचे गट करून मोजत असतो, तर तो अकरापर्यंत चढला असता. म्हणजे या सौंदर्याचा बराचसा भाग संख्येचा नसून आपल्या लिहिण्याच्या रीतीचा आहे. लिहिण्याची रीत बदलली तरी जे बदलत नाही, त्याचा शोध घेणे हे मोठ्या गणिताचे काम.

पण एवढे मान्य करूनही मला वाटते, कापरेकरांच्या वाट्याला जी उपेक्षा आली ती न्याय्य नव्हती. आपल्याकडच्या अनेक विद्वानांनी त्यांचे काम क्षुल्लक ठरविले. मास्तरांनी आपल्या छोट्या छोट्या पुस्तिका स्वतःच छापून काढल्या. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ६१७४ या संख्येचा गुण मांडला. तो गुण असा : चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा, आणि उत्तरावर तीच क्रिया करीत राहा, फार तर सात वेळांत ६१७४ येते. त्या परिषदेचे सालच घेऊन पाहा. ९९४१ वजा १४९९ बरोबर ८४४२. पुढे ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या वेळी ६१७४. एकदा तेथे पोचलात की कितीही वेळा करा, ती जागची हलत नाही. मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांच्या संख्यांविषयी लिहिले, तेव्हा देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. त्या वेळी ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते वारले. आज जगातल्या संख्यामालांचा जो मोठा कोश संगणकावर ठेवला आहे, त्यात १, १२१, १२३२१ ही माला ‘अद्भुत डेम्लो संख्या’ याच नावाने नोंदलेली आहे. एका लहान रेल्वे स्थानकाचे नाव गणितात असे कायम झाले.

मला विचाराल तर हार्डी आणि कापरेकर यांच्यात निवड करण्याचे कारणच नाही. मोठ्या गणिताच्या वाड्यात शिरायला दार लागते, आणि ते दार मुलाच्या हाताला पोचेल एवढ्या उंचीवर असावे लागते. आपल्या मोठ्या संख्येबाबत पाहा. शोधायचे काय ते पाटीवर, सिद्ध करायचे ते पाटीवर, आणि मोडायचे तेही पाटीवरच. ज्या मुलाने जिन्याचे कारण स्वतः शोधले आणि दहाव्या पायरीला तो का कोसळला हे स्वतः सांगितले, त्याने लहान प्रमाणात तेच काम केले जे मोठे गणिती मोठ्या प्रमाणात करतात.

कोणी म्हणेल, आता हातोहाती यंत्रे आली, पाटीवर गुणाकार कोण करतो? गंमत म्हणून संगणकावरच्या एक्सेलच्या तक्त्यात आमची ही संख्या लिहून पाहा. तो तक्ता पंधराच अंक शाबूत ठेवतो. शेवटच्या दोन घरांतले दोन आणि एक पुसून तेथे शून्ये मांडतो. सतरावा अंक जपण्यासाठी यंत्राला वेगळी व्यवस्था सांगावी लागते. पाटीला सांगावी लागत नाही.

शेवटी शिक्षकांसाठी दोन शब्द. हा पाठ घ्यायला एक तासिका पुरे. संख्या फळ्यावर लिहून ‘चमत्कार पाहा’ असे सांगू नका. मुलांना एक, दोन, तीन एकांचे वर्ग करायला लावा आणि पुढचे उत्तर ओळखायला सांगा. मग अंगणात चिंचोके किंवा खडे चौरसात मांडून तिरक्या ओळी मोजायला लावा. कारण त्यांच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही सांगू नका. आणि सर्वांत शेवटी, वर्ग अगदी खुशीत असताना, दहा एक द्या. ‘गुरुजी, चुकले की!’ असे कोणीतरी ओरडेल. आपले उत्तर चुकले की आपली समजूत चुकली, हे त्यालाच शोधू द्या. हातच्याचा तो एक जेव्हा त्याला सापडेल, तेव्हा त्याला कोणत्याही बुवाच्या आकड्याची भीती राहणार नाही.

देवळालीच्या शाळेत बत्तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसाची आठवण करायची, तर ती अशीच करावी.